लाकडी धनुष्य बनवताना आणि चालवताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी उत्तरं साध्या लाकडी धनुष्याबद्दल आहेत. फायबरग्लास, कार्बन किंवा चाकं-केबलवाल्या कंपाउंड धनुष्यांचा विषय वेगळा, तो इथे घेतलेला नाही. डेन्मार्कमधल्या होल्मगार्डच्या दलदलीत एल्मच्या लाकडाची जी धनुष्यं सापडली, ती सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत. रुंद चपट्या भुजा आणि अरुंद, जाड मूठ ही त्यांची घडण आजही पहिल्या धनुष्यासाठी उत्तम आहे. खाली एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती आधीच सांगून ठेवतो: धनुष्याचं खरं काम ते वाकायला लागल्यावर सुरू होतं, आणि तिथे घाई केली की ते मोडतं.

आधी नेमबाजी शिकावी की आधी धनुष्य बनवावं?

दोन्ही बरोबरीने चालू द्या. पण लाकडाला हात लावण्याआधी एकदा कुणाचं तरी हलकं धनुष्य ओढून बघा आणि स्वतःची ओढ, म्हणजे दोरी किती इंच मागे येते, ते काढा, कारण धनुष्याची लांबी त्यावर ठरते. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माप घ्या आणि त्याला अडीचने भागा. 70 इंच आले तर ओढ साधारण 28 इंच. हे अंदाजाचं माप आहे, सुरुवातीला तेवढं पुरतं. नेमबाजी करत राहिलात की धनुष्य हातात कुठे हिसका देतं, कुठे जड लागतं हे कळायला लागतं, आणि पुढचं धनुष्य त्या अनुभवावर चांगलं होतं.

सुतारकामाचा गंध नाही. जमेल का?

जमेल. सांधे नाहीत, काटकोन नाहीत, सगळं काम लाकूड थोडं थोडं कमी करत जाण्याचं. सुतारकाम येणाऱ्यांची अडचण कधी कधी जास्त होते, कारण त्यांचा हात वेगाने चालतो. इथे शेवटच्या टप्प्यात एका वेळी कागदाच्या जाडीएवढंच लाकूड काढायचं असतं.

धनुष्याच्या भागांना काय काय म्हणायचं?

मुठीच्या वर आणि खाली वाकणाऱ्या दोन भुजा. नेम धरताना लक्ष्याकडे असते ती पाठ, आपल्याकडे असतं ते पोट. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. जाड मूठ हळूहळू पातळ होत भुजेत मिसळते, त्या उताराला फेड म्हणतात. टोकाला दोरी अडकते त्या खाचा. पाठ आणि पोट यांत गोंधळ होऊ देऊ नका. पाठीवरचा एक जरी धागा मधेच कापला गेला, तर तिथून ढलपी उठते आणि धनुष्य जातं. म्हणून लाकूड नेहमी पोटाकडून आणि कडांवरून काढायचं. पाठ एकदा तयार झाली की तिला हत्यार लावायचं नाही, फक्त पॉलिश पेपर फिरवून कडा गोल करायच्या.

कोणतं लाकूड घ्यावं?

यू आणि ओसेज ऑरेंज ही नावं सगळीकडे ऐकू येतात आणि ती लाकडं खरंच अव्वल आहेत. पण पहिल्या धनुष्यासाठी ती शोधत बसू नका. हिकरी, अ‍ॅश, एल्म, मेपल, व्हाइट ओक, ब्लॅक लोकस्ट या सगळ्यांची चांगली धनुष्यं होतात. हिकरीची पाठ ताण फार सोसते, म्हणून शिकाऊ हाताला ती बरीच माफ करते. यूची पानं आणि बिया विषारी असतात आणि लाकडाची धूळही त्रास देते, तेव्हा ते घासताना मास्क लावा. खरं तर मास्क कुठल्याही लाकडाला लावा.

आपल्या भागात यातलं काहीच मिळत नसेल तर जड, घट्ट, लवचिक आणि सरळ रेषांचं कुठलंही लाकूड तपासून बघता येतं. पेन्सिलीएवढी सुकी काडी सावकाश वाकवा. चांगली वाकून मग लांब, चिवट तंतू काढत मोडली तर आशा आहे. खडूसारखी सपाट मोडली तर सोडून द्या. बांबूची पाठही ताणाला फार मजबूत असते. फळीच्या पाठीवर बांबूची पट्टी चिकटवलेली धनुष्यं उत्तम चालतात, पण ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या धनुष्याचं काम.

लाकूड कोणतं यापेक्षा ते किती सरळ आहे हे महत्त्वाचं. साध्या जातीची सरळ रेषांची फळी ही वेड्यावाकड्या यूच्या तुकड्यापेक्षा केव्हाही बरी.

वखारीतली तयार फळी चालेल का?

चालेल, आणि पहिल्यांदा तीच घ्यावी असं माझं मत आहे. फळी सुकलेली असते, सरळ कापलेली असते, मापं आखणं सोपं जातं. फक्त निवडायला वेळ द्या. फळीच्या रुंद बाजूवरच्या रेषा एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत कडेला समांतर जायला हव्यात. रेषा फळीच्या कडेवरून बाहेर निघून जात असतील तर तिथे धागे कापले गेलेले आहेत. मग अरुंद बाजूवर बघा, तिथेही तेच तपासा. अख्ख्या ढिगातून एखादीच फळी अशी निघते. दोन्ही बाजू जमल्या नाहीत तर रिकाम्या हाताने परत या.

गाठ, भेग, मुरड असलेली फळी नको. शंका असेल तर पाठीवर तागाचं कापड लाकडाच्या गोंदाने चिकटवता येतं. त्याने उठू पाहणारी ढलपी काही प्रमाणात धरून ठेवली जाते. पण रेषा तिरक्या असतील तर कापडाने फळी वाचत नाही.

झाडाच्या ओंडक्यापासून करायचं असेल तर?

झाड तोडण्याची परवानगी आणि तिथले नियम आधी बघा. वादळात पडलेलं किंवा कुणी छाटलेलं ताजं लाकूड मिळालं तर उत्तम. चार-पाच इंच व्यासाचा, सरळ, बिनगाठीचा, धनुष्यापेक्षा अर्धा फूट लांब तुकडा घ्या. सालीवरच्या रेघा गोल पिळत वर जात असतील तर आतलं लाकूडही पिळलेलं असतं. असा तुकडा नको.

कापल्या कापल्या दोन्ही टोकांना रंग, गोंद किंवा मेण जाड लावा. टोकांतून पाणी फार वेगाने उडतं आणि भेगा पडतात. मग पाचरी ठोकून मधोमध फोडा. करवतीने चिरण्यापेक्षा फोडणं चांगलं, कारण फूट लाकडाच्या रेषेनेच जाते आणि लाकूड सरळ आहे का हे तिथेच कळतं. साल काढली तर पाठीलाही लगेच गोंद किंवा व्हार्निशचा हात द्या.

सुकायला किती दिवस लागतात?

जाड तुकडा तसाच ठेवला तर वर्ष सहज जातं. धनुष्याचा ढोबळ आकार आधी काढून मग सुकवला तर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत काम होतं. सावलीत, वारा लागेल अशा जागी, जमिनीपासून उचलून ठेवा. उन्हात नको.

तारखा मोजण्यापेक्षा वजन मोजा. तुकडा आठवड्यातून एकदा काट्यावर ठेवून वजन त्याच्यावरच लिहीत जा. दोन-तीन आठवडे वजन घटलं नाही म्हणजे लाकूड त्या हवेत जेवढं सुकायचं तेवढं सुकलं. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर आठ ते दहा टक्के हा आकडा बहुतेक लाकडांना योग्य, हिकरीला त्याहून थोडं कमी चांगलं. ओलं लाकूड वाकवलं तर मोडणार नाही, पण वाकडंच राहील आणि धनुष्याचा जोर कायमचा जाईल.

पाठीवर एकच वर्षवलय हवं म्हणतात, ते कसं करायचं?

झाड दर वर्षी एक थर वाढवतं. अख्खी पाठ एकाच थराची असेल तर तिचे धागे टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. अ‍ॅश, एल्म, हिकरी, मेपल या लाकडांत साल काढली की खालचा पहिला थर हीच तयार पाठ. तिथे काहीच करायचं नाही, साल काढताना ओरखडा पडू द्यायचा नाही एवढंच.

ओसेज आणि लोकस्टमध्ये बाहेरचं पांढरट लाकूड काढून आतल्या गाभ्यातला एक जाड थर निवडतात. इथे कानाचा उपयोग होतो. प्रत्येक वर्षाच्या वाढीत सुरुवातीचा थर सच्छिद्र आणि नंतरचा घट्ट असतो. खरवडणीने खरवडताना सच्छिद्र थरात करकर असा भुसभुशीत आवाज येतो, घट्ट थर लागला की आवाज बदलतो आणि पृष्ठभाग चमकायला लागतो. त्या चमकीवर थांबायचं. गाठीभोवती थर उंचावतो, तिथे त्याच्यासोबत वर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. सपाट करायला गेलात की थर कापला जातो. यूमध्ये मात्र बाहेरचं पांढरं लाकूड पाठीसाठी मुद्दाम ठेवतात, कारण ते ताण चांगला सोसतं आणि आतला गाभा दाब.

मापं काय ठेवू?

28 इंच ओढीसाठी, फळीपासून, पहिल्या धनुष्याची माझ्या पसंतीची मापं अशी: लांबी 68 ते 70 इंच, फळीची जाडी पाऊण इंच, फेडपाशी रुंदी 2 इंच आणि तिथून टोकापर्यंत सरळ रेषेत निमुळती होत अर्धा इंच. मूठ चार इंच, दोन्ही बाजूंचे फेड दोन-दोन इंच. फळीवर पोटाच्या बाजूने त्याच लाकडाचा आठ इंचांचा ठोकळा चिकटवला की मुठीला जाडी मिळते. भुजांची जाडी सुरुवातीला पाच अष्टमांश इंच, म्हणजे साधारण 16 मिलिमीटर ठेवा आणि तिथून कमी करत चला.

अशा निमुळत्या रुंदीच्या धनुष्यात जाडी जवळपास सारखीच राहते आणि भुजा वर्तुळाच्या कमानीसारखी वाकते. नवख्या डोळ्याला वर्तुळाची कमान पटकन ओळखता येते, म्हणून हा आकार सुचवतो. भुजा बराच भाग सारख्याच रुंदीची ठेवली तर जाडी टोकाकडे कमी करावी लागते आणि बाक लंबवर्तुळासारखा पडतो. ते डोळ्याला जोखणं अवघड.

लांब आणि रुंद धनुष्यात लाकडावर ताण कमी येतो. दिसायला सुबक, आखूड, अरुंद धनुष्याचा मोह पहिल्यांदा टाळा.

हत्यारं कोणती लागतात?

करवत, एक रास्प (जाड दातांची कानस), एक बारीक कानस, खरवडणी, पॉलिश पेपर, दोन क्लॅम्प, पेन्सिल, मोजपट्टी. रंधा असेल तर सुरुवातीचं काम लवकर होतं. खाचांसाठी बारीक गोल कानस लागते. ओढीचा जोर पाउंडांत मोजायला हुकचा वजनकाटा. इलेक्ट्रिक सँडर शेवटच्या टप्प्यात नको, क्षणात नको तिथे खड्डा पाडतो.

टिलरिंग म्हणजे नेमकं काय करायचं?

दोन्ही भुजा सारख्या आणि प्रत्येक भुजा सलग वाकेल अशी घडवायची, त्याला टिलरिंग म्हणतात. सगळी कला इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी एक हिशेब लक्षात घ्या. भुजेची रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, जाडी निम्मी केली तर आठवा हिस्सा उरतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तरी ताठपणा सुमारे 27 टक्क्यांनी उतरतो. 12 मिलिमीटर जाडीच्या भुजेवर दहा टक्के म्हणजे जेमतेम 1.2 मिलिमीटर. रास्पचे पाच-सहा जोरकस हात मारले की तेवढं सहज जातं, आणि गेलेलं परत येत नाही.

पहिला टप्पा जमिनीवरचा. एक टोक जमिनीला टेकवा, दुसरं हातात धरा आणि मूठ सावकाश ढकला. भुजा थोडी वाकली पाहिजे. दोन्ही बाजूंनी बघा, कुठे ताठ आहे कुठे नरम, हाताला कळतं. ताठ जागांवर पेन्सिलीने खुणा करा, तिथलंच लाकूड काढा.

दोन्ही भुजा सारख्या वाकायला लागल्या की खाचा पाडा आणि धनुष्यापेक्षा थोडी लांब दोरी सैल लावा. मूठ एका उभ्या खांबावर घट्ट टेकवा, दोरीला हुक लावून हुकाला दुसरी दोरी बांधा आणि ती खालच्या कप्पीतून फिरवून लांबून ओढा. म्हणजे समोर उभं राहून बाक दिसतो आणि धनुष्य मोडलंच तर तुम्ही त्याच्याजवळ नसता. डोळ्यांवर चष्मा हवाच. कप्पीवर वजनकाटा लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. धनुष्य 35 पाउंडांचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागेल असं, करायचं ठरवलं असेल तर कुठल्याही टप्प्यावर 35 पाउंडांपेक्षा जास्त ओढायचं नाही. सुरुवातीला 35 पाउंडांना दोरी पाच-सहा इंचच येईल. येऊ द्या. लाकूड काढा, पुन्हा 35. आता आठ इंच येईल. असं करत 35 पाउंडांना पूर्ण 28 इंच आले की काम झालं. बाकात दोष दिसत असताना ओढ वाढवायची नाही. आधी दोष काढायचा, मग पुढे जायचं.

लाकूड काढल्यावर लगेच बघू नका. त्या ओढीपर्यंत वीस-तीस वेळा सावकाश ओढून सोडा. लाकडाला बदल कळायला वेळ लागतो. आत्ता ठीक वाटणारा बाक तीस ओढींनंतर वेगळा दिसतो.

सैल दोरीवर दहा-बारा इंचांपर्यंत बाक चांगला झाला की आखूड दोरी चढवा, आधी मुठीपासून तीन-चार इंचांच्या अंतरावर, नंतर पूर्ण. दोरी चढवल्यावर दोष जास्त ठळक दिसतात. रास्प आता ठेवून द्या, इथून पुढे खरवडणी आणि पॉलिश पेपर. खालची भुजा किंचित ताठ ठेवा, चढवलेल्या दोरीपासून फेडच्या टोकाचं अंतर खाली वरच्यापेक्षा एक अष्टमांश इंच कमी. हात मुठीच्या मध्यावर असतो आणि बाण त्याच्या वरून जातो, त्यामुळे खालच्या भुजेवर भार जास्त येतो.

डोळ्याला बाकातला दोष दिसतच नाही. काय करू?

सहा इंचांचा एक सरळ लाकडी ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल घट्ट बसवा. धनुष्य वाकवून ठेवा आणि ठोकळा पोटावर ठेवून सरकवा. पोट आत वळलेलं असल्याने ठोकळ्याच्या मध्याखाली फट दिसते. जिथे फट सगळ्यात मोठी, तिथे पेन्सिलीचं टोक पोटाला न टेकता जेमतेम वर राहील असं बसवा. आता पूर्ण भुजेवरून ठोकळा फिरवा. जिथे रेघ उमटली ती जागा ताठ, तिथलं लाकूड काढा. रेघ उमटली नाही तिथे हात लावू नका.

दुसरी युक्ती: मोबाइलने समोरून फोटो काढून तो उलटा करून बघा. सवयीने न दिसणारी चूक उलट्या चित्रात नजरेत भरते.

एका जागी जास्तच वाकतंय, खिळ्यावर वळल्यासारखं.

त्याला हिंज म्हणतात. त्या जागेला आता बोट लावू नका आणि धनुष्य आणखी ओढू नका. तिच्या वरचं आणि खालचं लाकूड कमी करत बाकीची भुजा तिच्या बरोबरीला आणा. ओढ पाच-दहा पाउंडांनी उतरेल. हलकं पण जिवंत धनुष्य हातात राहतं, आणि नेमबाजी शिकायला ते उत्तमच.

पहिल्या धनुष्याच्या ओढीचा जोर किती असावा?

प्रौढांना 30 ते 35 पाउंड. 1545 साली बुडालेल्या आणि 1982 मध्ये वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्लिश युद्धनौकेवर शंभराहून जास्त अखंड लाँगबो (माणसाएवढी लांब धनुष्यं) मिळाले, आणि त्यांच्या ओढीचा जोर 100 ते 185 पाउंडांच्या दरम्यान असावा असा अंदाज आहे. ते वाचून बरेच जण 60 पाउंडांपासून सुरू करायचं म्हणतात. ती धनुष्यं चालवणारे लहानपणापासून सराव करणारे सैनिक होते. जड धनुष्याने चुकीच्या सवयी लागतात आणि खांदा दुखावतो.

दोरी कशाची?

पॉलिस्टर धाग्याची, डॅक्रॉन बी-50 या नावाने मिळते ती. 35 पाउंडांच्या धनुष्याला बारा ते चौदा पदर पुरतात. ती किंचित ताणते, त्यामुळे बाण सुटल्यावरचा धक्का टोकांवर कमी येतो. कमी ताणणारे आधुनिक धागे टोकांना मजबुती न दिलेल्या लाकडी धनुष्याला लावू नका. नायलॉन फार ताणतो, तो नकोच. बाण लागतो तिथे मधोमध दोरा घट्ट गुंडाळा. दोरी चढवल्यावर मूठ आणि दोरी यांत साधारण सहा इंच अंतर राहावं: धनुष्याच्या मुठीवर हाताची वळलेली मूठ ठेवून अंगठा उभा केला की तो दोरीला लागतो, तेवढं.

दोरी उतरवल्यावर धनुष्य सरळ होत नाही, पोटाकडे थोडं वाकलेलं राहतं.

पोटाचे धागे दाबाने कायमचे थोडे चेपले जातात, त्याचा हा परिणाम. टोकं इंच-दीड इंच मागे राहिली तर काळजीचं कारण नाही. तीन-चार इंच राहिली तर लाकूड ओलं होतं, भुजा अरुंद होत्या किंवा टिलरिंगमध्ये जास्त ओढलं गेलं. कुठे वाकलंय तेही बघा: फेडजवळच वाकलं असेल तर भुजेचा बाकीचा भाग काम करत नव्हता.

पोटावर केसाएवढ्या बारीक आडव्या रेघा दिसतात.

ते दाबाने चिरडलेले धागे. बोटाचं नख फिरवलं की लागतात. त्या जागी बाक जास्त पडतोय. आजूबाजूचं लाकूड कमी करून तिथला भार उतरवा. रेघा वाढत असतील तर धनुष्य भिंतीवर टांगा.

बाण कसे असावेत?

लाकडी धनुष्याला हलका बाण घातक. बाण जेवढा हलका तेवढी जास्त ऊर्जा धनुष्यातच परत उरते. प्रत्येक पाउंडाला निदान दहा ग्रेन वजन धरा: 35 पाउंडांना 350 ग्रेन, म्हणजे सुमारे 23 ग्रॅम. लांबी ओढीपेक्षा इंच-दीड इंच जास्त. पाइन, स्प्रूस, सीडर यांच्या काड्या चालतात. बांबू आणि झुडपांचे सरळ फुटवेही चालतात. आल्प्समध्ये 1991 साली सापडलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या ओत्झी या बर्फात गोठलेल्या माणसाच्या भात्यात 14 बाण होते. त्यांतले दोनच पूर्ण झालेले. काड्या बहुतेक व्हायबर्नमच्या फुटव्यांच्या. त्याचं यूचं 1.82 मीटर लांबीचं धनुष्यही अर्धवट होतं, त्यावर हत्यारांचे घाव अजून स्पष्ट दिसतात.

खाच लाकडाच्या वलयांना आडवी पाडा, नाहीतर दोरीच्या जोराने बाण उभा चिरतो. खाचेखाली दोरा गुंडाळा, बांबूला तर नक्कीच. पिसं तीन, एकाच बाजूच्या पंखातली. पिसाच्या पुढच्या टोकावर दोरा घट्ट गुंडाळून गोंद लावा. बाण हातावरून सुटतो, उचललेलं पीस कातडीत घुसतं.

बाण धनुष्याच्या मधून जात नाही, बाजूने जातो. मग सरळ कसा जातो?

सुटताना बाण वाकतो आणि मुठीला वळसा घालून डुलत पुढे निघतो, मग सरळ होतो. 1930 च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. म्हणून बाणाचा ताठपणा, ज्याला स्पाइन म्हणतात, धनुष्याला जुळावा लागतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण सतत डावीकडे जात असेल तर तो बहुधा जास्त ताठ आहे, उजवीकडे जात असेल तर नरम. आधी सुटका स्वच्छ होतेय का ते तपासा, मगच बाणाला दोष द्या.

दोरी चढवायची कशी?

स्ट्रिंगर वापरा. दोन्ही टोकांना अडकणारी ती लांब दोरी पायाखाली धरायची, मूठ वर उचलायची आणि खरी दोरी खाचेत सरकवायची. पायात अडकवून चढवण्याची पद्धत अरुंद भुजांना पिळते.

नेम धरायला कुठून सुरुवात करू?

लक्ष्यापासून पाच-सहा पावलांवर उभे राहा. मोठं, जाड लक्ष्य घ्या आणि पहिले काही दिवस नेम धरूच नका. डोळे मिटून सुद्धा ओढायला हरकत नाही, एवढ्या जवळ उभे असाल तरच. शरीराला हालचाल बसू द्या. पाय खांद्याएवढे फाकलेले, लक्ष्याला आडवे. धनुष्याची मूठ आवळायची नाही. तीन बोटांनी दोरी पहिल्या पेरात धरा, ओढण्याचा जोर पाठीतून आणा, तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला लागली की ती तुमची थांबायची जागा. दर वेळी तीच. सोडताना हात पुढे जाऊ द्यायचा नाही, बोटं सैल सोडायची, हात आपोआप मागे जातो. धनुष्याचा हात बाण लक्ष्यात रुतेपर्यंत तसाच ठेवा.

बाण एकाच जागी जवळ जवळ लागायला लागले की मगच लांब जा. ते मधोमध लागतायत का हा नंतरचा प्रश्न. दमलात की थांबा, दमलेल्या हाताने चुकाच पक्क्या होतात.

दोरी हाताला फटकारते.

कोपर थोडं बाहेर फिरवा, म्हणजे आतली बाजू उभी होते. मनगट दोरीच्या वाटेत येत असेल तर मुठीत हात थोडा बदला. हातावर संरक्षक पट्टा आणि बोटांना चामड्याचा टॅब नेहमी घाला. दोरी आणि मुठीतलं अंतर फार कमी असेल तरीही फटका बसतो.

सुरक्षेचे नियम?

बाणाशिवाय दोरी ओढून कधीही सोडू नका, सगळी ऊर्जा लाकडातच राहते आणि धनुष्य तिथेच फुटू शकतं. प्रत्येक बाण सोडण्याआधी कानाजवळ धरून हलका वाकवा. बारीक कडकड ऐकू आली तर मोडून टाका, चिरलेला बाण सुटताना तळहातात शिरतो. वर आकाशाकडे कधीही नाही. हलक्या धनुष्याचा बाणही शंभर मीटरच्या पुढे जातो, तेव्हा लक्ष्यामागे भिंत, मातीचा उंचवटा किंवा मोकळी, पूर्ण दिसणारी जागा हवी. बाण आणायला सगळे एकदम जातात, तोवर कुणाच्याही हातात बाण लावलेलं धनुष्य नको. लांब हातांच्या मित्राला तुमचं धनुष्य ओढू देऊ नका, ते तुमच्या ओढीपुरतं घडवलेलं आहे. प्राण्यांवर बाण चालवण्याबाबत ठिकठिकाणी कायदे आहेत. लक्ष्यावरच शिका.

निगा कशी राखायची?

सराव संपला की दोरी उतरवा. पूर्ण ओढून धरून गप्पा मारायच्या नाहीत, ओढ लागली की सोडायचं. तेलाचे किंवा व्हार्निशचे तीन-चार पातळ हात द्या, म्हणजे हवेतला ओलावा हळू शिरतो. आडवं दोन खुंट्यांवर ठेवा, कोपऱ्यात उभं टेकवू नका. उन्हात बंद गाडीत ठेवू नका. रोज दोरी चढवण्याआधी पाठीवरून कापसाचा बोळा फिरवा, उचललेला धागा कापूस पकडतो. तिथे पातळ सुपरग्लू मुरवून वरून दोरा गुंडाळला तर वेळीच वाचतं.

धनुष्य मोडलं. आता?

तुकडे जपून ठेवा आणि मोडलेली जागा उजेडात बघा. पाठीवरून लांब तिरकी ढलपी निघाली असेल तर रेषा कडेबाहेर जात होत्या, दोष निवडीचा. पाठीवर तुटकी फट आणि पोट चांगलं असेल तर ओरखडा, गाठ किंवा कापलेलं वलय शोधा, बहुतेक सापडतंच. एकाच जागी पोट चिरडून मग मोडलं असेल तर तिथे हिंज होता. मुठीचा ठोकळा सुटला असेल तर फेड फार आखूड होते किंवा मूठच वाकत होती. मोडल्या जागेपाशी दोन्ही तुकड्यांची जाडी मोजा, दुसऱ्या भुजेवर तेवढ्याच अंतरावर मोजलेल्या जाडीशी ताडून बघा आणि दोन्ही आकडे पुढच्या फळीच्या पोटावर पेन्सिलीने लिहून ठेवा.